डावी पेटी, उजवी पेटी

मोहरीएवढा दाणा... की त्याहूनही बारीक, की नाहीच — दिव्याच्या झोतात पिल्लाच्या शेपटीखालची ओलसर गुलाबी घडी अंगठ्याने उघडी धरून तो बघत होता, आणि दाणा क्षणभर असल्यासारखा वाटायचा, क्षणभर नसल्यासारखा, आणि कालच अंड्यातून बाहेर पडलेलं ते पिल्लू त्याच्या मुठीत जिवाच्या आकांताने चिवचिवत होतं. दाणा असला तर नर, उजवी पेटी. नसला तर मादी, डावी पेटी. डावीकडची मोठी होऊन अंडी देणार, म्हणून ती विकली जायची. उजवीकडची कुणालाच नको असायची. एवढंच काम. पापणी लवायच्या आत ते व्हायचं, आणि इतकी वर्षं इतकं बिनचूक व्हायचं की हॅचरीत त्याला नावाने हाक मारायचंच लोकांनी सोडून दिलं होतं. सगळे त्याला डोळा म्हणत. डोळा आला, डोळा जेवायला गेला, डोळ्याला विचारा.

"डोळा, डुलकी लागली काय?" शेजारच्या खुर्चीवरच्या चष्मेवालीने विचारलं. तिचे हात चालूच होते — डावी, डावी, उजवी, डावी.

"दिवा मंद झालाय."

"कालच तर बदललाय."

त्याने दिव्याची मान आणखी खाली ओढली. पूर्वी उत्तर दिलं असतं. पूर्वी म्हणजे... त्या पूर्वीला काय म्हणायचं हेच त्याला हल्ली कळत नव्हतं. आजाराच्या आधी. सुईच्या आधी. मी मी होतो तेव्हा — की मी मी नव्हतो तेव्हा... वाक्य पुरं होईना. पूर्वी राग त्याच्या नाकावर बसलेला असायचा आणि चष्मेवालीच्या एवढ्याशा बोलण्यावर त्याने दिव्यासकट टेबल हलवलं असतं. आता ते बोलणं त्याला नुसतं लागलं. डोळ्यांत पाणी येतंय की काय अशा भीतीने त्याने पिल्लू दिव्याच्या आणखी जवळ धरलं.

आणि तेवढ्यात ती वाफ आली. छातीतून निघून मानेवर, कानांमागून थेट टाळूपर्यंत चढणारी, कढत पाण्याच्या भांड्यावरचं झाकण उचलल्यासारखी. प्रोस्टेटमध्ये गाठ निघाली तेव्हा डॉक्टरने समजावलं होतं की ही गाठ पुरुषाच्या हार्मोनवर पोसते, तेव्हा आपण तिचं खाणंच तोडू. दर काही महिन्यांनी पोटात एक सुई, की शरीर तो हार्मोन बनवायचं जवळजवळ थांबवतं. वाफा येतील, थकवा येईल, असं डॉक्टर म्हणाला होता. बिछान्यातलं काय होईल ते खाकरून, खिडकीबाहेर बघत म्हणाला होता. राग जाईल असं मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. तो कधी गेला तेही कळलं नाही. एक दिवस दुधाचं पातेलं उतू गेलं आणि बायको सवयीने भिंतीला लागून उभी राहिली, आणि तो फडकं घेऊन ओटा पुसायला लागला... आणि दोघंही एकमेकांकडे बघत राहिले, चोर पकडल्यासारखे. कुणी कुणाला पकडलं होतं कोण जाणे.

बायकोची पाळी त्याच सुमाराला थांबली होती. तिलाही वाफा. रात्री एकाच वेळी दोघं उठून बसायची आणि एकच खिडकी उघडायला धडपडायची. "आता कळलं?" ती म्हणाली होती, आणि हसली होती, त्याच्या खांद्यावर कपाळ टेकून इतकी हसली होती की पलंग हलला. "स्वभावाला औषध नाही म्हणतात. इथे तर सुई निघाली!" तोही हसला होता. मग उशीवर डोकं टेकल्यावर त्या वाक्याचा काटा टोचायला लागला. स्वभाव सुईने जातो तर तो स्वभाव होता की काय होता? आणि माझा नव्हता तर मग इतकी वर्षं या घरात कोण ओरडत होतं?

हातातल्या पिल्लाला दाणा होता. आता स्पष्ट दिसला, नेहमीसारखा. उजवी पेटी. त्याचा हात उजवीकडे गेला, पेटीवर थांबला, आणि... उजव्या पेट्या कुठे जातात ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मागच्या दाराने जातात आणि रिकाम्या परत येतात. त्यावर त्याने इतक्या वर्षांत एक घास कमी खाल्ला नव्हता. आता मात्र मागचं दार करकरलं की तो उघडलेला डबा झाकून ठेवायचा. त्याने चष्मेवालीकडे चोरून पाहिलं आणि पिल्लू डाव्या पेटीत ठेवलं. हे आज पहिल्यांदा नव्हतं. गेल्या वर्षभरात एकदोनदा... कदाचित जास्त वेळा. ज्या माणसाला डोळा म्हणतात तो आंधळा असल्याचं सोंग करत होता, आणि ताकास तूर लागू देत नव्हता.

म्हणूनच मॅनेजरने दारातून "डोळासाहेब, जरा या बघू" अशी हाक मारली तेव्हा त्याने आधी डाव्या पेटीकडे पाहिलं.

ऑफिसात खुर्चीवर पिंजरा होता आणि पिंजऱ्यात कोंबडा. लालभडक तुरा, लोंबणारे गाल, शेपटीत लांब वळलेली दोन पिसं. मॅनेजर पिंजऱ्याकडे न बघता बोलत होता. एका पोल्ट्रीवाल्याने हा परत आणून दिला होता; आपल्याकडची पिल्लं, सगळ्या माद्या म्हणून विकलेली, आणि त्यातली ही एक भर दुपारी आरवायला लागली. "तुमच्या डोळ्याला चष्मा लावा म्हणाला. मी काय बोलणार? तुमच्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं."

सापडलो. त्याच्या मनात एवढंच आलं — त्या दिवशीचं ते पिल्लू, ते मोठं झालं, तुरा फुटला, आरवलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं. तो तोंड उघडणार होता, खरंच उघडणार होता, इतक्यात कोपऱ्यात हात धूत असलेली जनावरांची डॉक्टरीण मागे न वळताच म्हणाली, "यांची चूक नाहीये. ही कोंबडीच आहे. मी त्या माणसाला फोन करून विचारलं. चांगली अंडी देत होती ही, मग एकदम थांबली."

"अंडी देणारा कोंबडा?" मॅनेजर म्हणाला.

डॉक्टरीण हात पुसत समोर आली. वयाने त्याच्या मुलीएवढी असेल. तिने पिंजऱ्याच्या तारांतून बोट घातलं आणि पक्ष्याने ते करकचून टोचलं. "कोंबडीचं एकच अंडाशय काम करतं, डाव्या बाजूचं. ते रोगाने बिघडलं की मादीचा हार्मोन थांबतो. मग कधीकधी उजवीकडचा झोपलेला तुकडा जागा होतो आणि नराचा हार्मोन करायला लागतो. तुरा येतो. आरवते. क्वचित होतं, पण होतं."

"म्हणजे धड ना कोंबडा, धड ना कोंबडी," मॅनेजर म्हणाला आणि सुटल्यासारखा हसला.

त्यालाही सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याने विचारलं, "आणि स्वभाव?"

"काय?"

"हिचा स्वभाव. बदलला?"

"भांडकुदळ झालीय ना. बाकीच्यांना टोचून रक्त काढायची, म्हणूनच तर परत आली."

"म्हणजे ते... ते टोचणं आधीपासून होतं आत? की नवीन आलं?"

डॉक्टरिणीने त्याच्याकडे नीट बघितलं. "कोंबडीच्या मनातलं मला काय ठाऊक, काका. पिसांचं सांगू शकते. नराची पिसं मुळात येणारीच असतात. मादीचा हार्मोन त्यांना आवरून धरतो. तो गेला की ती आपसूक फुटतात. तुऱ्याचं तसं नाही, त्याला नराचा हार्मोन लागतोच. म्हणजे काही आधीचं, काही नवं. टोचण्याचं कुठलं, ते नाही सांगता येणार. भीतीनेही टोचत असेल."

पक्षी मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होता. मग त्याने मान ताणली, चोच उघडली आणि आरवला — घोगरा, मध्येच तुटलेला आवाज. मॅनेजर पोट धरून हसला. मला हसू आलं नाही.

दुपारी अर्धी रजा टाकून तो दवाखान्याकडे निघाला. आज सुईचा दिवस होता. रस्त्याने चालताना त्याच्या डोक्यात डावी-उजवी चालूच होती, हात रिकामे असले तरी. शाळेतल्या मारामाऱ्या — उजवी. लग्नाआधी बायकोच्या घरावरून सायकलने विनाकारण शंभर चकरा — उजवी, त्यात काय बघायचं. मागून कुणी हॉर्न वाजवला की उतरून त्याची कॉलर धरणं — उजवी. पण मुलगी सायकल शिकत होती तेव्हा तिच्या सीटला धरून धापा टाकत गल्लीभर पळणं, आणि ती पडल्यावर तिच्याआधी आपणच ओरडणं... ते कुठल्या पेटीत? आणि तो वाडगा? ती दुसऱ्या शहरात नोकरीला जाते म्हणाली तेव्हाचा. काचेचा वाडगा भिंतीवर फुटला, तिच्या कानापासून वीतभर अंतरावर; ती काही न बोलता उठली, बॅग भरली आणि गेली आणि वर्षानुवर्षं आली नाही. तो फेकला ते मला नीट आठवतही नाही. हात उठलेला आठवतो, आणि मग भिंतीवरून ओघळणारं वरण... आणि मधली जागा कोरी. मधे कोण होतं?

सुई सुरू झाल्यावर बायकोने फोन केला होता मुलीला. तो शेजारच्या खोलीत होता. "ये गं तू," बायको दबक्या आवाजात म्हणाली होती. "आता ते तसे राहिले नाहीत." आणि मुलगी आली. आधी तासभर, खुर्चीच्या कडेवर बसून. मग दर आठवड्याला, तिकडून गाडी पकडून.

डॉक्टरने कागद खालीवर करून पाहिले आणि खूश होऊन म्हणाला, "छान आहे की सगळं. रक्तातला गाठीचा आकडा अगदी तळाला गेलाय. आता आपल्यापुढे दोन रस्ते आहेत. सुई चालू ठेवायची, किंवा काही महिने थांबायचं, रक्त तपासत राहायचं आणि आकडा चढला तर पुन्हा सुरू करायची. तुमच्या बाबतीत दोन्ही चालण्यासारखं आहे. थांबलात तर अंगात जोर येईल, वाफा कमी होतील. परत पहिल्यासारखे व्हाल."

पहिल्यासारखे. नर्सने सुई तयार करून पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवली होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

"स्वभावपण?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"मी फार तापट होतो. आता नाही. सुई थांबली की..."

डॉक्टर हसला, भला माणूस होता. "असं बटण नसतं हो. काही लोक शांत होतात, काही उलट चिडचिडे होतात. काहींना काहीच फरक पडत नाही. आजाराने माणूस हलतो, वयाने हलतो, मरणाच्या भीतीनेही निवळतो. सगळं त्या एका हार्मोनच्या माथी नका मारू."

"म्हणजे परत येणार नाही?"

"तसंही नाही म्हणता येणार."

त्याला वाटलं डॉक्टरला गदागदा हलवावं. मग वाटलं, हे वाटलं म्हणजे राग आला की काय? आणि तो चटकन स्वतःच्या आत वाकून बघायला लागला, पण तोवर ते विरून गेलं होतं, आणि डॉक्टर विचारत होता, "मग? काय करायचं?"

"उद्या सांगितलं तर चालेल?"

"चालेल की. घरी बोला." नर्सने ट्रे उचलला. तिचं तोंड थोडं वाकडं झालं होतं.

घरी बोला. घराच्या जिन्यावर तो पहिल्या मजल्याशी टेकला. पूर्वी हे जिने तो दोन-दोन पायऱ्या घेत चढायचा. वरून हसणं ऐकू येत होतं, मायलेकींचं. त्याला त्यांचं जुनं हसणं आठवलं. पूर्वी इथपर्यंत आलं की ते असंच ऐकू यायचं आणि तो दाराशी पोचेपर्यंत थांबायचं, नळ बंद केल्यासारखं. त्याला वाटायचं, बायकांचं काहीतरी चाललं असेल. आज त्याने दार ढकललं, चपला काढल्या, तरी हसणं चालूच होतं. उलट मुलगी म्हणाली, "बाबा, या या, तुमचीच टिंगल चाललीये."

टेबलावर काचेच्या वाडग्यात सोललेले मटार होते. नवा वाडगा, मुलीनेच आणलेला. तो बसला आणि शेंगा सोलायला लागला. त्याने आरवणाऱ्या कोंबडीची गोष्ट सांगितली. ते टोचणं सांगितलं, मॅनेजरचं तोंड सांगितलं. आपल्याला गोष्ट सांगता येते हेसुद्धा त्याला याच वर्षी कळलं होतं.

"तुमचा निकाल कसा चुकेल?" मुलगी म्हणाली. "माझ्या वेळी तरी कुठे चुकला होता!" आणि बायको पदर तोंडाला लावून आधीच हसायला लागली, कारण ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, फक्त मोठ्याने सांगायची सोय नव्हती. मुलगी जन्मली तेव्हा दाईने दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं त्याच्या हातात दिलं होतं, आणि तो सरळ हॅचरीतून, कामाची पाळी अर्धी टाकून आलेला, त्याने सवयीने एका हाताने दुपटं वर केलं, अंगठ्याने पाय बाजूला केला, क्षणभर बघितलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मादी!"

"माझ्याबद्दल या जगात बोलला गेलेला पहिला शब्द," मुलगी म्हणाली. "मादी."

"आणि हात डावीकडे नेला होता," बायको म्हणाली. "दाईने झडप घालून धरलं, नाहीतर ठेवलीच होती तुला डाव्या पेटीत."

तिघंही हसली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कशाचं हे त्या क्षणी शोधावंसं वाटलं नाही.

"आणि मग रडलात," बायको म्हणाली.

"मी?"

"खूप. तिला छातीशी धरून. दाई म्हणाली, पुरुषमाणूस असून काय रडताय. तर तिच्यावर ओरडलात. रडत रडत ओरडत होतात."

हे त्याला आठवत नव्हतं. मादी आठवत होतं, दाई आठवत होती, रडणं नाही. तेव्हा कुठली सुई होती? तेव्हा तर अंगात नुसता जाळ होता... रडत रडत ओरडत होतो. एकाच तोंडाने. म्हणजे डावी की... त्याला वाटलं आता विचारून टाकावं, दोघी इतक्या जवळ बसल्या आहेत, इतक्या हसताहेत. यांच्याइतकं मला कोण ओळखतं?

"डॉक्टर म्हणतात, सुई थांबवली तरी चालेल," तो म्हणाला. "काही महिने. मग पहिल्यासारखा होईन म्हणतात."

बायकोच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं, पण त्याच्या मागून ती निघून गेली.

"म्हणजे..." मुलगी म्हणाली. तिचा पाय टेबलाखाली हलत होता तो थांबला.

"आणि आजाराचं?" बायकोने विचारलं.

"दोन्ही चालेल म्हणाले. मी ठरवायचं."

"मग तुम्हाला योग्य वाटेल ते करा," बायको म्हणाली.

किती दिवसांनी ऐकला त्याने हा आवाज. सपाट, खालच्या पट्टीतला, ज्याला कुठे धरायला जागा नाही असा. तो अजून पहिल्यासारखा झाला नव्हता, पण ती झाली होती. आणि तिचा हात पुढे आला, मटारांचा वाडगा उचलून तिने तो टेबलाच्या पलीकडच्या कडेला, त्याचा हात पोचणार नाही असा ठेवला. ते करताना ती खिडकीकडे बघत होती. आपण काय केलं हे तिला कळलंसुद्धा नव्हतं. मुलीला कळलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

वाफ चढायला लागली. छातीतून, मानेवर, कानांमागे... की ही वाफ नव्हे? त्याने आत वाकून बघितलं. राग असल्यासारखा वाटला, मग नसल्यासारखा. लाज असेल. वाईट वाटलं असेल, नुसतं वाईट वाटतं तेवढंच. त्याचा तळवा मांडीवर उताणा पडला होता, त्यात शेंगेचं एक रिकामं साल होतं, आणि ते कुठे ठेवायचं हे त्याला सुचत नव्हतं. त्याला सांगायचं होतं की मी नाही थांबवणार, घाबरू नका. आणि हेही सांगायचं होतं की मला माझं अंग परत हवंय, मला जिने चढायचेत, तुम्ही मला सुईशिवाय एकदा तरी... पण पहिलं बोलावं तर दुसरं खोटं पडत होतं आणि दुसरं बोलावं तर वाडगा तिकडे जाऊन बसला होता.

आणि खाली जिन्यावर पावलं वाजली.

जड, पुरुषी पावलं, दोन-दोन पायऱ्या घेत वर येणारी. वरच्या मजल्यावरचा कुणीतरी असणार, कामावरून परतलेला. पण बायकोची मान किंचित वळली, मुलीचा हात खुर्चीवर लटकवलेल्या बॅगेच्या पट्ट्यावर गेला... आणि त्याच्या ध्यानात आलं की आपलाही श्वास अडकलाय. इतकी वर्षं तो त्या पावलांतच होता. टेबलाच्या या बाजूला बसून ती कशी ऐकू येतात हे त्याला कधी माहीतच नव्हतं. पहिला मजला झाला. वळण झालं. मी साल मुठीत घट्ट धरलं, बायकोने डोळे मिटले, आणि आम्ही तिघं ऐकत राहिलो, तो आमच्या दाराशी थांबतो की तसाच वर निघून जातो ते.